नव्वद दिवसांनी येणारा फोन

दर नव्वद दिवसांनी मला कॉलेजातून फोन यायचा. "मामा, पासवर्डची मुदत संपली. येऊन जा." एवढंच बोलणं. पण त्याच्या आधी आठ दिवसांपासून मी मोबाइल चार्ज करून खाटेजवळ ठेवायचो. शेजाऱ्यानं विचारलं तर सांगायचो, कामाचा फोन यायचाय.

वडवणीला माझं दोन खोल्यांचं घर आहे. बायको जाऊन चार वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो, त्याचं त्यालाच उरकत नाही. मी कुणाच्या दारात बसायला जात नाही. सवय नाही, आणि आता ती लावून घ्यायचीही नाही.

माझं शिक्षण सातवी नापास. बीडला एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा शिपाई म्हणून लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. सगळ्यांचा मी मामा. प्राचार्यांपासून पहिल्या वर्षाच्या पोरापर्यंत कुणी माझं नाव घेतलं नाही, बऱ्याच जणांना ते ठाऊकही नसावं.

तिथं एक सर होते. रोज सकाळी लॅब उघडायच्या आधी त्यांना एक काम करावं लागायचं. कॉलेजातल्या प्रत्येक माणसाची नोंद एका सर्व्हरवर असते, तिला डिरेक्टरी म्हणतात. वर संस्था, तिच्याखाली कॉलेज, त्याखाली विद्यार्थी आणि कर्मचारी अशा फांद्या, आणि फांदीला माणसं. त्यातून त्या दिवशीच्या पोरांची यादी उचलायची, म्हणजे तेवढीच पोरं लॅबमध्ये लॉगिन करू शकतात. सरांना सकाळी लवकर येणं जड जायचं. मी म्हणालो, मला दाखवा. ऑफिसातला क्लार्क हसला. "मामा, तुमी टेबलं पुसा. हे तुमच्यानं होणारं हाय का?" तो हसला नसता तर मी कदाचित शिकलोही नसतो.

इंग्रजी अक्षरं मला गाड्यांच्या नंबरपाट्यांवरून येत होती. सरांनी समजावलं, डिरेक्टरीशी तिच्याच पद्धतीनं बोलावं लागतं. ते बोलणं कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं, त्याला लायब्ररी म्हणतात. आपण तिला फक्त सांगायचं: सर्व्हरला जोड, हा मी कोण आहे, हे शोध, झालं, आता सोड. मी वहीत एकेक ओळ उतरवून घेतली, त्याच ओळींचा आमचा प्रोग्राम झाला. शेवटची सोडायची ओळ मी एकदा विसरलो. रोज एक जोडणी उघडी राहत गेली आणि पंधरा-वीस दिवसांनी सर्व्हरनं कुणालाच आत घेतलं नाही. सरांनी सर्व्हर पुन्हा चालू केला आणि माझ्या वहीत त्या ओळीखाली रेघ मारली. ती ओळ मी पुन्हा विसरलो नाही.

त्यांची आणखी एक गोष्ट ध्यानात राहिली. एकदा मी एका पोराचं नाव शोधलं, उत्तरात शून्य आलं. मला वाटलं, प्रोग्राम बिघडला. सर म्हणाले, "मामा, न सापडणं ही चूक नव्हे. आपण नीट विचारलं, त्यानं नीट सांगितलं, की असा कुणी इथं नाही."

मग सर दुसरीकडं गेले आणि प्रोग्राम माझ्या हाती आला. लायब्ररीची नवी आवृत्ती आली तेव्हा तो बंद पडला, मी अडखळत, लोकांना विचारत दुरुस्त केला. एकदा एका तुकडीच्या नावातच कंस आले. डिरेक्टरीला प्रश्न विचारायचा तोही कंसात, त्यामुळं नावातला कंस कुठला आणि प्रश्नाचा कुठला हे तिला कळेना. आठ दिवस मी पेन्सिलीनं कंस मोजत बसलो. शेवटी नावातले कंस आधीच वेगळ्या खुणेनं लिहायची एक ओळ घातली. ती ओळ माझी. कुणी सांगितलेली नाही.

"हा मी कोण आहे" या जागी मी माझं नाव आणि माझा पासवर्ड घातला होता. डिरेक्टरीत माझी नोंद होती, बापाच्या नावासकट पूर्ण नाव. प्राचार्यांच्या नोंदीत जेवढे रकाने, तेवढेच माझ्या. माझा बाप लोकांच्या बांधावर राबला, त्याचं नाव पूर्ण लिहिलेलं मी दुसरीकडं फारसं पाहिलं नाही. रोज सकाळी त्या नावानं मी सर्व्हरला सांगत होतो, की मी आलोय.

निवृत्त झालो तरी ती नोंद काढली नाही. काढली असती तर प्रोग्राम थांबला असता. म्हणून दर नव्वद दिवसांनी मी बीडला जायचो, नवा पासवर्ड घालायचो, लॅबमध्ये चहा घ्यायचो आणि परत यायचो. पासवर्डला मी गावांची नावं वापरायचो, पुढं एक आकडा. आता सांगायला हरकत नाही. ज्या गावात माझ्यासाठी दार उघडणारं कुणी होतं, ती गावं. एकदा वापरलेलं पुन्हा घेता येत नाही. अशी बरीच गावं संपली. उमापूर मात्र मी राखून ठेवलं होतं. ते बायकोचं माहेर.

मागच्या वर्षी लॅबला नवीन मॅडम आल्या. त्यांचा फोन आला.

"मामा, अख्खा प्रोग्राम तुमच्या नावावर चालतोय. हे बरोबर नाही."

"कावून? चालतोय ना?"

"चालतोय, पण एका माणसाच्या पासवर्डवर चालायला नको. मी मुख्य ऑफिसकडून प्रोग्रामसाठी वेगळं खातं करून घेतलंय. तुम्ही एकदा येऊन कुठं काय लिहिलंय ते दाखवा. मग परत परत यायचा तुमचा त्रास वाचेल."

"त्रास होतो म्हणून मी सांगितलं का तुमाला?"

"तसं नाही, तुमचं वय बघून म्हटलं."

"वय बघाया तुमी मला पाहिलंय कुठं?"

मी फोन ठेवून दिला. आणि त्या खेपेला मुदत संपली तरी गेलो नाही. म्हटलं, माझ्याशिवाय चालत असेल तर चालवा.

सकाळी फोन वाजला. मी हातात धरून बसलो, उचलला नाही. दुसऱ्यांदा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. चौथ्यांदा वाजायची वाट बघितली. वाजला नाही. मग घरात करमेना. भाकरी तव्यावर तशीच सोडली, गॅस बंद केला आणि दुपारची बस धरली.

गेटवरचा वॉचमन माझ्याच वयाचा. लांबूनच ओरडला, "आला बे, सर्व्हरचा जावई! आज मान लईच घेतला."

"गप बे. गेट उघड."

"उघडतो. पायऱ्यांवर बघ जरा."

पायऱ्यांवर पोरं बसली होती. प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि सकाळपासून एकालाही लॉगिन करता आलं नव्हतं. ऊन पायऱ्यांवर चढत आलं होतं. तेलगावकडून येणारी एक पोरगी मला ओळखायची. ती उठली. "मामा, बरं झालं आलात. आमची नावंच सापडंनात म्हणे." आणि मला सावलीत जागा करून दिली. तिला वाटलं, मी थकून आलोय. मला त्या पोरीकडं बघवलं नाही.

मॅडम माझा प्रोग्राम उघडून बसल्या होत्या. शिव्या खायची तयारी करूनच मी आत गेलो. त्या म्हणाल्या, "मामा, प्रोग्राममध्ये ही 'शेळी' कशाला नाव दिलंय?"

"सर्व्हरची जोडणी."

"आणि 'बोकड'?"

"पासवर्ड."

"अहो, असं का?"

"सर म्हणलते, नाव काही पण ठेवा. आमच्याकडं तवा शेळ्या होत्या."

त्या वैतागल्या होत्या, तरी हसल्या. मी खुर्ची ओढली. सर्व्हरनं नवा पासवर्ड मागितला तेव्हा दुसरं गाव आठवेना. उमापूर घातलं. यादी आली, पोरं आत गेली.

परीक्षा संपेपर्यंत मी मागच्या बाकावर बसून राहिलो. मॅडमनी चहा आणून दिला. वेगळ्या खात्याचं नाव त्यांनी काढलं नाही. सगळी पोरं गेल्यावर पर्स उचलत एवढंच म्हणाल्या, "चला मामा. आता नव्वद दिवसांनी."

मला हवं तेच त्यांनी दिलं होतं. मी हो म्हटलं असतं तर शेवटपर्यंत तो फोन येत राहिला असता. एखाद्या दिवशी मी उचलला नसता, किंवा उचलायला राहिलो नसतो, आणि ती पोरं परत उन्हात बसली असती.

मी म्हणालो, "ते तुमचं वेगळं खातं काय नावाचं हाय?"

त्यांनी पर्स खाली ठेवली. माझं नाव तीन जागी होतं. दोन त्यांना सापडल्या होत्या, तिसरी मी दाखवली. तिन्ही मी माझ्या हातानं खोडल्या आणि नवं खातं टाईप केलं. एका बोटानं करतो, वेळ लागतो. त्यांनी घाई केली नाही. कंसाच्या ओळीवर त्या थांबल्या. "ही कुणी लिहिली?"

"मीच."

त्यांनी ती दोनदा वाचली. "ही अशीच ठेवते," म्हणाल्या.

मग मी म्हणालो, माझी नोंद काढायला सांगा.

"असू द्या ना मामा. कुणाला अडचण नाही तिची."

"निवृत्त माणसाची नोंद ठेवायची नसती. निवृत्त झालेल्या बाकीच्यांची यादी मीच करून देत होतो. मला कावून वेगळा नियम?"

त्यांनी मुख्य ऑफिसला फोन लावला. थोड्या वेळानं तिकडून झालं म्हणून कळवलं. मी नवीन खात्यानं सर्व्हरला जोडलं आणि माझं पूर्ण नाव शोधायला दिलं. उत्तर आलं: शोध यशस्वी, नोंदी शून्य. मी सोडायची ओळ चालवली आणि उठलो.

जिन्यापर्यंत मॅडम सोबत आल्या. "मामा, येत जा अधूनमधून. चहाला."

"काम असल्याशिवाय मी कुठं जात नाही," मी म्हणालो. असं का बोललो कुणास ठाऊक. बसमध्ये बसल्यावर वाटलं, नुसतं बरं म्हणायला काय झालं होतं. पण बोललेलं मी मागं घेत नाही.

घरी आलो तर तव्यावरची भाकरी कडक झाली होती. दुधात चुरून खाल्ली.

परवा नव्वद दिवस भरले. दिवस मी मोजत नव्हतो, तरी कळलं. सकाळी मोबाइल चार्जिंगला लावला नाही. आता कुणाचा येणार? दुपारी तो बंद पडला. संध्याकाळी लावला.