वाकडा मेंदू कोणाचा?

शाझलिया आणि तैयब जुळे. जन्माला येताना तो घटकाभर पुढे होता, तसाच आजारातही. तैयबच्या कानात नसलेली माणसं बोलू लागली ती विशीच्या आधीच, शाझलियाच्या कानात चाळिशी आल्यावर. स्किझोफ्रेनिया पुरुषांना बहुधा लवकर गाठतो, बायकांना उशिरा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा तैयब बहिणीला म्हणाला, "इथंही वरातीमागून घोडं."

गोळ्यांनी शाझलिया पुन्हा शिलाईला बसली. तैयब मात्र घराबाहेर पडेना. वडिलांची मयत निघाली तेव्हाही तो दारापर्यंतच गेला. निदान गल्लीच्या टोकापर्यंत तरी याने चालावं, म्हणून शाझलियाचा जीव तुटे.

मग इस्पितळात अशा रुग्णांच्या मेंदूचे फोटो काढायचं निघालं. मेंदूच्या डाव्या-उजव्या बाजू मुळातच थोड्या वेगळ्या असतात, म्हणजे मेंदू जरा वाकडाच. या आजारात तो वाकडेपणा कमी होतो का, आणि बायका-पुरुषांत काही फरक पडतो का, हे बघायचं होतं. भावाला डिवचायला शाझलियाला एवढं पुरे झालं. ऑलिव्ह निवडता निवडता ती म्हणाली, "माझाच मेंदू जास्त वाकडा निघणार. तू काय, पहिल्यापासून सरळसोट."

तैयब उठून बूट शोधू लागला. इतकी वर्षं पडून राहिलेल्या एका बुटात आईने लसूण साठवला होता.

इस्पितळात विचारलं, कुठलं काम कोणत्या हाताने करता? दोघं पक्के डावखुरे, पण उत्तरं सोबत आलेल्या आईनेच दिली. जेवण उजव्या हाताने, कात्री उजव्या, चप्पल फेकणंही उजव्या. मुलांना उजव्या हाताचं वळण लावलं नाही, असं परक्यापुढे कोण कबूल करील! तैयबने डाव्या हाताने कपाळ बडवून घेतलं.

फोटो झाल्यावर त्याने निकाल मागितला. एकट्यादुकट्याच्या फोटोवरून काही ठरत नाही, पुष्कळ माणसं तपासावी लागतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तैयबचा चेहरा उतरला. शाझलिया मनात म्हणाली, आता हा रुसून खोलीत शिरला की पुन्हा बाहेर यायचा नाही.

घरी जाताना रस्त्यात तो मध्येच थांबला. मग म्हणाला, "तू यंत्रात हललीस. मी काचेतून पाहिलं. फोटो बिघडलाच असणार."

"काहीतरीच."

"हललीस. उद्या परत काढायला लाव. मी स्वतः बघायला येणार, तुझा भरवसा नाही."

शाझलिया तसूभरही हलली नव्हती. तिने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "हलले रे. चांगलीच हलले."