टिटवीची चार अंडी

मंगळवारी सकाळी साडेसातला गावाबाहेरच्या माळावर एका टिटवीवर अन्याय होता होता राहिला. ती डोक्यावरून ओरडत होती आणि मी वृक्षारोपणाच्या खड्ड्यासाठी तिच्या घरट्यावरच कुदळ उगारली होती.

"अगं ए झाडंवाले, डोळं फुटलं का? अंडी हायती तिथं!" मेंढ्या राखणाऱ्या सखूमावशी कडाडल्या.

मला नुसते खडेच दिसत होते. पण तीच तर अंड्यांची जीत! जी अंडी नजरेत भरली ती कोल्ह्यांनी खाल्ली. जी खड्यांत मिसळली त्यांतून पुढच्या टिटव्या आल्या. हजारो पिढ्यांनी हा रंग कमावला, आणि माळावर आम्ही झाडं लावणाऱ्यांनी रोवलेला फलक म्हणतो, 'पडीक जमीन'!

फलक आम्ही उपटला, खड्डे बुजवले. शनिवारी अंडी फुटली आणि चारही पिल्लं तुरुतुरु पळाली.

तुमच्या गावचा माळ पडीक नाही. तिथला फलक उपटा!