दुसऱ्या हाताचं पहिलं पेर

तेरावी गोळी सुटली आणि दुकानाच्या दाराबाहेर एक बाई ओरडली. मग चौदावी सुटली. मग सगळं शांत झालं. मी सोनाराच्या दुकानात सोफ्यामागे फरशीवर पालथी पडले होते. तोंडात काचेचा चुरा गेला होता आणि डाव्या हाताचा अंगठा करंगळीच्या दुसऱ्या पेरावर टेकलेला होता. त्या शांततेत आणखी दोन आवाज आले. आधी पिस्तुलातून मॅगझिन काढल्याचा खटका, आणि पाठोपाठ जेवणाच्या डब्याच्या पिशवीची चेन ओढल्याचा आवाज.

त्या दुपारचे चेहरे आता पुसट झाले आहेत. आवाज मात्र अजून त्याच क्रमाने ऐकू येतात.

मी महाराष्ट्र पोलिसांत एकतीस वर्षं काढली. सातवी पास होऊन शिपाई म्हणून लागले, हवालदार म्हणून निवृत्त झाले. आता न्यू जर्सीत मुलीकडे राहते. पोलिसांच्या आठवणी लिहिणारे बहुतेक साहेब असतात आणि त्यांच्या आठवणींत गुन्हेगार तेच पकडतात. मी या केसमध्ये कोणाला पकडलं नाही. मी साक्षीदार होते.

इथे आमच्या गावात देशी, म्हणजे भारतीय दुकानांचा एक मोठा रस्ता आहे. तिथे हा सोनार. मूळ नागपूरचा, चाळिशीतला. आधी नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला त्याचं दुकान होतं, दोन वर्षांपूर्वी इकडे आला. बायको मागच्या खोलीत काळ्या मण्यांच्या पोती ओवायचं काम करायची. मी नातीची नथ दुरुस्तीला घेऊन गेले होते.

"या, हवालदार मावशी! आज कोणाला अटक?"

"तुलाच. गेल्या वेळी बसवलेला चाप आठ दिवसांत सैल झाला."

"चाप ठीक आहे हो. नातीचं नाक बदला."

एवढ्यात टपालवाली आली, पाकिटं काउंटरवर टाकून गेली. पन्नाशीची उंच बाई. मला 'ग्रँडमा' म्हणायची. ती बाहेर आपल्या गाडीपाशी पोचली असेल, तोच तोंड बांधलेले दोघे आत घुसले. एकाने हातोड्याने शोकेस फोडली. दुसऱ्याने दुकानदारावर पिस्तूल रोखलं. आवाज ऐकून बायको मागून धावत आली, तसं त्याने ते तिच्याकडे वळवलं. मी सोफ्यामागे आडवी झाले. दुकानदाराने काउंटरखालचं स्वतःचं पिस्तूल काढलं आणि चालवायला सुरुवात केली.

मी मोजलं. ठरवून नाही, सवयीने. नोकरीच्या पहिल्या वर्षांत बायकांना बंदोबस्तावर फारसं पाठवत नसत, म्हणून मला मुख्यालयाच्या शस्त्रागारात बसवलं होतं. चांदमारीच्या दिवशी, म्हणजे गोळीबाराच्या सरावाला, मी मैदानावर असे. आमचे उस्ताद सांगायचे, "नजर शिपायाच्या हातावर, मोजणी कानाने." जेवढ्या गोळ्या सुटल्या तेवढ्या पुंगळ्या, म्हणजे रिकामी काडतुसं, परत हव्यात. एक कमी पडली तर अख्ख्या तुकडीने गवतात रांगायचं. एकदा संध्याकाळपर्यंत रांगलो आणि पुंगळी निघाली उस्तादांच्याच बुटात. हसायची हिंमत कोणात नव्हती. हसलो घरी जाऊन. मी पेरांवर मोजायची. करंगळीच्या खालच्या पेरापासून सुरू करून अंगठा प्रत्येक पेरावर टेकवत जायचं. एका हातावर बारा होतात. तेरावी दुसऱ्या हाताच्या पहिल्या पेरावर.

आमच्या तेव्हाच्या थ्री-नॉट-थ्री रायफलच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावत. न्यू जर्सीचा कायदाही दहाच म्हणतो. दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन जवळ ठेवणं इथे गुन्हा आहे. नॉर्थ कॅरोलिनात तशी मर्यादा नाही. तिकडे पिस्तुलाच्या डब्यातच पंधराचं मिळतं.

मी बाहेर धावले. टपालवाली फुटपाथवर पडली होती, गोळी कमरेखाली लागली होती. मी पदराचा बोळा करून जखमेवर दाबला. ती म्हणाली, "ग्रँडमा, गाडी चालूच आहे, कोणीतरी बंद करा." पोलीस यायला पाच मिनिटं लागली. पाच मिनिटांत दुकानात काय काय करता येतं ते मला कोणी शिकवायला नको.

फरशीवर चौदा पुंगळ्या मिळाल्या. काउंटरवर परवान्याचं पिस्तूल आणि दहाची दोन मॅगझिनं, एक रिकामं, दुसऱ्यात सहा गोळ्या. दुकानदाराने जबाब दिला की दहा झाल्यावर मॅगझिन बदललं आणि आणखी चार झाडल्या. पुंगळ्यांशी ते बरोबर जुळत होतं. ते दोघे चोर तासाभरात पेट्रोल पंपावर सापडले. त्यांचं पिस्तूल भरलेलं होतं. हे मुद्दाम लिहिते, कारण दुकानदाराने उगाच गोळी चालवली असं मी कधीच म्हटलेलं नाही.

डिटेक्टिव्हने माझा जबाब तिथेच घेतला. फोनवर मराठी दुभाषी मुलगी होती. किती गोळ्या? चौदा. कशावरून? पेरांवर मोजल्या. दुभाषी मुलगी गडबडली आणि 'पेर' तसंच पुढे सांगून मोकळी झाली. डिटेक्टिव्हने ते लिहून घेतलं आणि विचारलं, "सोनाराच्या दुकानात फळं कशी?" इंग्रजीत तो शब्द नासपतीसाठी आहे म्हणे. मी बोट नाचवून दाखवलं तेव्हा तो हसला आणि कागदावर खोडलं.

मॅगझिन बदलायला दुकानदार मध्ये थांबला होता का, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. खटका आणि चेन तर नाहीच नाही. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावलं. एकतीस वर्षं साक्षीदार मला हेच ऐकवायचे आणि मी त्यांना झापायची.

तिसऱ्या दिवशी कोणीतरी पोलिसांना निनावी फोन केला की सोनाराकडे पंधराचं मॅगझिन आहे. लगेच मला बोलावणं आलं. उद्या सकाळी दहा वाजता ठाण्यात या. गोळ्यांच्या मध्ये खंड पडला का, एवढंच विचारायचं आहे.

मला बोलावल्याचं कळताच त्या संध्याकाळी दुकानदार नवराबायको आमच्याकडे आले. नात चहा ठेवत होती. ती हॉस्पिटलात काम करते, इथेच जन्मलेली. दुकानदार खुर्चीच्या कडेवर बसला.

"मावशी, खंड पडला होता असं सांगा. नाहीतर आठवत नाही म्हणा. तुमचं वय बघता कोणी काही म्हणणार नाही."

"माझं वय तू काढू नकोस."

बायको रडत म्हणाली, "ग्रीन कार्ड जाईल हो आमचं. बंदुकीच्या गुन्ह्यात देशाबाहेर काढतात. मुली इथे शाळेत आहेत."

"मॅगझिन तू डब्याच्या पिशवीत घातलंस," मी म्हटलं. ती रडायची थांबली.

दुकानदार उसळला. "तुम्ही माझ्यामुळे जिवंत आहात, मावशी! चोर काय मोजून आणतात का गोळ्या? दहाच असत्या आणि संपल्या असत्या तर?"

नात स्वयंपाकघरातून म्हणाली, "काका, पण चोर तर ऑलरेडी पळाले होते ना? मेल लेडीला कोणी शूट केलं मग?"

मी त्याच्याकडे वळले.

"चौथ्या गोळीला ते दाराकडे पळाले," मी म्हटलं. "पाचवीपासून दहावीपर्यंत तू शोकेस आणि भिंत फोडलीस. अकरापासून पुढच्या चार रस्त्यावर गेल्या. बाई तेरावीला ओरडली. कायदा माहीत होता तुला?"

"होता. पण बघायला कोण येतंय, मावशी? सगळे असंच आणतात. सामानात आलं."

हे त्याचं खरं होतं. राज्याराज्यांच्या हद्दीवर नाका नाही, खोके कोणी उघडत नाही. हा कायदा कोण मोडत होतं ते गोळी सुटल्यावर कळतं, आणि तेव्हा कोणीतरी फुटपाथवर पडलेलं असतं. माझ्या मते नुसता कायदा करून भागत नाही. दुसऱ्या राज्यातून येऊन पिस्तूल नोंदवणाऱ्याला मॅगझिन टेबलावर ठेवायला लावलं पाहिजे. आमच्या शस्त्रागारात तोंडी सांगितलेलं चालत नसे, वस्तू समोर लागायची.

मी त्याला म्हटलं, "मी उद्या दहाला जाऊन जे ऐकलं ते सांगणार. खंड नव्हता, खटका शेवटी ऐकला, चेन ऐकली. तू त्याआधी वकील घेऊन जा आणि वस्तू स्वतःच्या हाताने टेबलावर ठेव. आपल्या पायाने आलेल्याकडे पोलीस वेगळ्या नजरेने बघतात. तिकडेही बघायचे, इथेही बघत असतील."

"आणि नाही गेलो तर?"

"तरी मी दहाला जाणार."

चहा तसाच टाकून ते उठले. जाताना त्याने मला नमस्कार केला नाही. नात म्हणाली, "आजी, यू आर सो हार्ड, यार." मी तिला कप विसळायला सांगितलं.

सकाळी मी पोचले तेव्हा दुकानदार आणि वकील आतून बाहेर येत होते. मॅगझिन कागदी पिशवीत सीलबंद होऊन टेबलावर होतं. माझा जबाब तरीही घेतला, रीतीप्रमाणे. डिटेक्टिव्हने या वेळी स्वतःचा जाडजूड अंगठा पेरांवरून फिरवत बारा मोजले, मग माझ्याकडे बघितलं. मी त्याचा दुसरा हात वर केला आणि करंगळीचं पहिलं पेर दाखवलं. त्याने कोणाला न विचारता लिहून घेतलं.

प्रकरण वर्षभर चाललं. दुकानदार स्वतःहून आला होता याचा वकिलाला उपयोग झाला. तुरुंग टळला, देश सोडावा लागला नाही. पिस्तूल जमा झालं आणि दुकान बंद झालं. ते परत मॉरिसव्हिलला गेले. गेल्या दिवाळीला त्याच्या बायकोने नातीला फोन केला, मला नाही. नथ अजून सैलच आहे. दुसऱ्या सोनाराकडे ती न्यावीशी वाटत नाही. दारातूनच 'हवालदार मावशी' म्हणणारा तिथे कोणी नाही.

मला ती चांदमारी फार आठवते. घाबरट शिपाई तेव्हाही असायचे. पण थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट दर गोळीला मागे ओढावा लागे, आणि तेवढ्यात उस्ताद अशा शिपायाच्या खांद्यावर हात ठेवायचे. दुकानदाराच्या खांद्यावर हात ठेवायला कोणी नव्हतं. दहावीनंतर मॅगझिन बदलायला खाली बघितलं असतं, तर वर बघताना त्याला रस्ता रिकामा दिसला असता आणि गाडीपाशी उभी टपालवाली दिसली असती. लोक म्हणतात हा कायदा चोराला अडवत नाही. नसेल अडवत. तो भल्या माणसाला घाबरलेला असताना अडवतो, आणि मला तेवढं पुरे आहे.

टपालवालीच्या तीन शस्त्रक्रिया झाल्या. आता ती काठी घेऊन चालते आणि पोस्टात खिडकीवर बसते. मी पाकीट टाकायला गेले की रांगेतून मला पुढे बोलावते.

त्या दुपारी दुकानात दुकानदार, त्याची बायको आणि मी होतो. पळालेले दोघे. बाहेर टपालवाली. सहाही जण जिवंत आहेत.