पांदणीने आलेला मोठा जावई

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी हिंगणघाटहून सासुरवाडीला सायकलने गेलो. गाव वडनेरच्या बाजूला आहे. डांबरी रस्त्यावर ट्रक असतात, म्हणून जाड टायरची सायकल घेऊन मी शेतांमधल्या पांदण रस्त्याने जातो. त्या पांदणीवर यंदा मुरूम पडला होता, पण पुलापर्यंतच. पुलाच्या पुढे कुणीतरी चण्याला पाणी सोडलं होतं आणि ते पांदणीत उतरलं होतं. काळ्या मातीने चाकं जाम झाली. सायकल खांद्यावर घेऊन मी तेवढा भाग पार केला.

पुलाअलीकडे एका मोटारसायकलवाल्याने थांबून विचारलं होतं, गाडी कुठे बंद पडली. मी म्हणालो, बंद पडली नाही, हौस म्हणून सायकलने फिरतो. त्याने मान हलवली आणि तो डांबरी रस्त्याकडे वळला. मी पोहोचेपर्यंत गावात कळलं होतं की मोठ्या जावयाने गाडी विकली.

त्याच दिवशी धाकट्या मेहुणीला पाहायला पाहुणे येणार होते. ती आणि मुलगा आधीच भेटले होते, दोघांची पसंती होती. मुलाच्या वडिलांनी घर पाहून होकार देणं तेवढं बाकी होतं. तो होकार यावा म्हणून सासऱ्यांनी घराला रंगही दिला होता.

त्यांनी सायकल पाहिली, मग माझे गुडघ्यापर्यंत माखलेले पाय पाहिले.

“मोठा जावई सायकलनं फिरते, हे त्याईले दिसलं तं काय समजतीन?”

सायकल गोठ्यात गेली. तिच्यावर ताडपत्री पडली. मला आंघोळीला पाठवून सासऱ्यांनी स्वतःचा पांढरा पायजमा दिला. तो आखूड होता.

मुलाच्या वडिलांचा फोन आला तेव्हा ओसरीत शेजारचे लोक बसले होते. फोन स्पीकरवर होता. नकाशा पांदणीचा रस्ता जवळचा दाखवतो, असं ते म्हणाले. आज तिकडून कुणी आलं का, हेही त्यांनी विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“आज तं कोनी नाई आलं. पन मुरूम टाकला हाय. या आरामशीर.”

मी हाताने नको अशी खूण केली. सासऱ्यांनी फोन ठेवला.

“बाबा, भाऊजी तिकडूनच आले ना?” मेहुणी आतल्या दारातून म्हणाली.

शेजाऱ्यांनी माझ्या पायजम्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी परत फोन लावला. लागला नाही.

नंतर तिकडूनच फोन आला. कार चिखलात फसली होती. कुठे, ते त्यांना सांगता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना तूर होती. ट्रॅक्टर शेतातून आणायला वेळ लागणार होता, आणि मुलगा गाडी रेस करून आणखी खोल घालत होता. एवढं सांगून होतं न होतं तोच फोन तुटला. मेहुणीने गोठ्यात जाऊन ताडपत्री काढली.

“भाऊजी, तुमी व्हा पुढं. त्याले म्हना, गाडी बंद कर.”



मी पोहोचलो तेव्हा कारची पुढची चाकं अर्धी दिसत होती. मुलाला मेहुणीचा निरोप सांगितला. त्याने लगेच गाडी बंद केली. त्याचे वडील बूट हातात घेऊन शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभे होते.

“तुमी कोन जी?”

मी मोठा जावई असल्याचं सांगितलं.

“सकाळी इकडूनच आले का?”

मी हो म्हणालो. त्यांनी सायकलवरचा वाळलेला चिखल पाहिला आणि कारकडे पाहिलं.

ट्रॅक्टरने कार ओढून काढली. मी पाय धुतले होते त्याच नळावर पाहुण्यांनी पाय धुतले. पोहे खाताना मुलाच्या वडिलांनी सासऱ्यांना विचारलं, तिकडून कुणी आलं नाही असं तुम्ही म्हणाला होता ना? सासऱ्यांनी त्यांच्या ताटलीत आणखी पोहे वाढायला सांगितलं. उठण्याआधी मुलाच्या वडिलांनी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी सायकल ट्रॉलीत कापसाच्या गाठोड्यांमागे ठेवली आणि मला हिंगणघाटला घरापर्यंत सोडलं. डांबरी रस्त्याने.