शिव्या न देणारा मुकादम

सत्यशीला सदाफुले आमच्या ऑफिसात आली तेव्हा मला ती मुळीच आवडली नव्हती. पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं, "भारतीताई, नववी फ्लॉपी बिघडली तर पुन्हा पहिलीपासून का सुरू करायचं?" मी हे काम तीन वर्षं करत होते आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. असले प्रश्न विचारणारी माणसं कुणाला आवडतात?

शहाण्णव साल होतं. नगरला दिल्ली दरवाजाजवळ एका कापड दुकानाच्या वर आमचं ऑफिस. मालक अमृत साहेब. उसाचं वजन, पगार, हिशेब असे कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम आम्ही साखर कारखान्यांना विकायचो. प्रोग्रॅम लिहिणारे पंख्याखाली बसायचे. ते कारखान्यावर नेऊन कॉम्प्युटरवर चढवायचं काम माझं. चौदा फ्लॉप्यांचा संच, एकीमागून एक घालत बसायचं. मध्येच एखादी बिघडली किंवा वीज गेली, की आमचा जुना लोडर, म्हणजे हे सगळं चढवणारा प्रोग्रॅम, चढवलेलं सगळं पुसून टाकायचा आणि पुन्हा पहिली मागायचा. त्यात वजनाचा प्रोग्रॅम चढवताना मराठी अक्षरांचा भाग चढवायचा, पगाराचा चढवताना तोच भाग पुन्हा आणि हिशेबाच्या वेळी तिसऱ्यांदा. क्रम चुकला तर तिन्ही प्रोग्रॅम रुसून बसायचे. अख्खा दिवस त्यात जायचा. कारखान्यांच्या कँटीनचा चहा पिऊन पिऊन मला पित्त झालं, आणि स्वभावही पित्ताचाच झाला असं आमच्या घरी म्हणतात.

सत्यशीला खर्ड्याची. आई आक्काबाई, वडील कोंडीराम, त्यांना ती दादा म्हणायची. दसरा झाला की दोघं भांडीकुंडी ट्रकात टाकून ऊसतोडीला जायची, ती उन्हाळ्यात परत. ही लहानपणी त्यांच्याबरोबर फडात असायची, मग मावशीनं ठेवून घेतलं, मग नगरचं वसतिगृह आणि कॉम्प्युटरचा डिप्लोमा. आमच्याकडे होती ती टेंपररी. साहेबांना वाटलं तर उद्यापासून येऊ नको म्हणू शकत होते.

तिनं काय केलं, तर लोडर नव्यानं लिहायला घेतला. कुणी सांगितलं नव्हतं. आपलं नेमून दिलेलं काम उरकायची आणि मग हे घेऊन बसायची. तिचा लोडर आधी पाहायचा, की कॉम्प्युटरवर काय काय आलेलं आहे. आलेलं पुन्हा मागायचा नाही. कोणता भाग कोणाच्या आधी लागतो हे त्याला माहीत असायचं. फ्लॉपीवरची प्रत्येक गोष्ट नीट उतरली की नाही हे तो ताडून बघायचा, आणि अर्धी फ्लॉपी खराब असली तर चांगला अर्धा भाग ठेवून घेऊन उरलेल्यासाठी दुसऱ्या संचातली तीच फ्लॉपी मागायचा. वीज गेली तर जिथं थांबला तिथून पुढं. माझं दिवसाचं काम तासाभरावर आलं. तेव्हापासून ती मला आवडायला लागली, खोटं कशाला बोलू!

"हा तर तुझा मुकादम झाला गं," मी एकदा तिला चिडवलं. "कोण आला, कोण नाही आला, कोणाला आधी कामाला लावायचं, सगळं बघतो."

ती हसली नाही. "ताई, आमच्या मुकादमानं माझ्या आईला नावानं कधी हाक मारली नाही. 'ए कोयता' म्हणायचा. तोडीला जोडपं म्हणजे एक कोयता, म्हणून आईला आणि दादांना मिळून एकच हाक."

बोलायला जीभ लांब असली की असं होतं. पण दुसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "नाव राहू दे मुकादम. फक्त हा शिव्या देणार नाही." आणि खरंच, जुना लोडर इंग्रजीत काहीतरी खेकसून बंद पडायचा, तर हिच्या पडद्यावर रोमन अक्षरांत मराठी यायचं, 'सातवी फ्लॉपी वाचता येत नाही. कृपया दुसरी द्या. बाकीचं जपून ठेवलं आहे.' कारखान्यातले क्लार्क ते मोठ्यानं वाचायचे आणि खूश व्हायचे.

साहेब मात्र खूश नव्हते. "गिऱ्हाईक पैसे वजनाच्या पावतीचे देतं, चढवण्याचे नाही," असं त्यांचं म्हणणं. मी भांडले. जवळजवळ राजीनामाच देत होते, पण मला तो लिहायचा कंटाळा. शेवटी ते वैतागून म्हणाले, "राहात्याकडच्या कारखान्याला यंदा उसाच्या वजनकाट्यांवर नवे कॉम्प्युटर बसतायत. हंगामाच्या मोळीला दोन्ही काटे हिच्या लोडरवर सुरू झाले, तर लोडर सगळीकडे आणि ही पर्मनंट. नाही झाले, तर जुनाच बरा, आणि हिनं दुसरीकडे बघावं."

मोळी म्हणजे हंगामाचा मुहूर्त. उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकायची, नारळ फोडायचा, भाषणं करायची आणि मग गाड्या काट्यावर घ्यायच्या.

ही अट ऐकून सत्यशीला जिन्यात जाऊन बसली. मागोमाग मीही गेले. तेव्हा तिनं सांगितलं की त्या साली वडिलांनी मुकादमाला अजून होकार दिला नव्हता, फक्त 'बघू' म्हणाले होते. तिनंच त्यांना थांबवलं होतं. पर्मनंट झाले तर घर माझ्या पगारावर चालेल, म्हणाली होती. आईची कंबर गेल्या हंगामातच गेली होती, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकाची फळी चढताना. धाकटा भाऊ सम्राट आठवीत होता, आणि आई-वडील गेले की त्यालाही ट्रकात न्यायचे आणि त्याची शाळा सुटायची. खर्ड्याहून ट्रक मोळीच्याच दिवशी दुपारी सुटणार होता. त्याआधी निरोप गेला तर ती दोघं घरी राहणार, नाहीतर ट्रकात बसणार.

"मग निरोप जाईल," मी म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे.

मोळी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी होती. मुकादम आम्ही तिथल्या कॉम्प्युटरांवर आधीच बसवून आलो होतो आणि फ्लॉप्यांचे संचही पाठवले होते, एक कारखान्याच्या ऑफिसात आणि एकेक कारखान्याच्याच गावोगावच्या गट ऑफिसांत, हंगामात हाताशी असावा म्हणून. त्यामुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी मोकळ्या हातांनी गेलो. कॉम्प्युटर विभागाचे सहादेवराव दारातच उभे होते. भले गृहस्थ. त्यांनी आम्हाला कौतुकानं आत नेलं. कॉम्प्युटरला झेंडूचे हार, कीबोर्डवर आपट्याची पानं, आणि पाटावर मांडलेल्या चौदा फ्लॉप्या. प्रत्येकीला हळदकुंकू. वरच्या लेबलला नव्हे. फ्लॉपीची ती पत्र्याची सरकती पट्टी असते ना, ती बोटानं सरकवून आतल्या काळ्या तबकडीला.

मी एक उचलून पाहिली. तबकडीवर कण बसला की फ्लॉपी वाचताच येत नाही. "सहादेवराव, आत कशाला लावलंत?"

"आवं ताई, खरं यंत्र आतच हाय की. वरच्या टरफलाला लावून काय उपेग?" ते म्हणाले. मग आमची तोंडं पाहून त्यांचा आवाज खाली आला. "फोन करून गट ऑफिसवाल्यांना बी सांगितलं तसंच करा म्हनून. चुकलं का काय?"

मी त्यांना काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. नवा संच आणायचा तर नगरच्या ऑफिसला कुलूप होतं, किल्ली साहेबांकडे आणि साहेब तुळजापूरला. दुसऱ्या दिवशी मोळी. मी बाकावर बसून राहिले आणि जगातल्या सगळ्या पूजा-अर्चांवर तोंडसुख घेतलं. सत्यशीलाच्या घरी पूजा नसते. मला वाटलं, ही तर माझ्याहून जास्त चिडेल. ती म्हणाली, "काका, सगळ्या गट ऑफिसांना फोन लावा. मिळेल त्या गाडीनं फ्लॉप्यांचे डबे मागवा. आणि दवाखान्यातून स्पिरिट नि कापूस आणा."

डबे येऊ लागले. एक एसटीच्या ड्रायव्हरनं आणून दिला, एक कुणाच्या तरी मोटारसायकलवर आला. तोवर सत्यशीला ड्राइव्ह उघडून कुंकू पुसत होती आणि एकेक फ्लॉपी मुकादमाला दाखवत होती. आणि गंमत बघा, माणसं देवाला फसवतात हे त्या दिवशी आमच्या उपयोगाला आलं. कुणी पहिल्या तीन फ्लॉप्यांना मनापासून कुंकू लावून बाकीच्यांना नुसतं बोट टेकवलं होतं. कुणी कंटाळून शेवटच्या सोडून दिल्या होत्या. ह्या संचातली अर्धी पाचवी, त्या संचातली उरलेली अर्धी, असं करत मुकादम जमवत चालला. पडद्यावर 'जपून ठेवलं आहे' उमटलं की सहादेवराव हात जोडायचे.

अडलं ते पहिल्या फ्लॉपीवर. पहिलीला कुंकू लावायला कुणीच विसरलं नव्हतं. सगळ्या भक्तीचा जोर तिच्यावर, आणि पावती छापायचा भाग नेमका तिच्यातच. एकाही डब्यातली पहिली धड नव्हती.

"अजून कुणाचा डबा यायचाय?" सत्यशीलानं विचारलं.

"एकच राह्यला. रतनबाईचा. फोन उचलला तिनं, पन नीट काय बोलंना," सहादेवराव म्हणाले. रतनबाई एका गट ऑफिसात शिपाई होत्या. नवरा तिथंच नोकरीत असताना वारला आणि त्याच्या जागी ह्यांना घेतलं होतं. दसऱ्याला बाकीचे घरी आणि ऑफिस ह्यांच्या ताब्यात.

सत्यशीलानं स्वतः फोन लावला. मी कान लावून शेजारी उभी होते. पलीकडून हलका आवाज आला. "बाई, सायबांला सांगू नका. आमच्या हितं पूजाच न्हाई झाली. मी कशी करनार? मी कुंकवाला हात लावत न्हाई. डबा हाय तसा कपाटात हाय. माज्यामुळं काय बिघडलं का?"

सत्यशीलाचे डोळे भरून आले होते. "मावशी," ती कशीबशी म्हणाली, "काहीच बिघडलं नाही. डबा घेऊन तुम्हीच या."

रतनबाई दुधाच्या टेम्पोतून आल्या, डबा पदराखाली धरून. तो संचही काही सगळाच चांगला नव्हता. पत्र्याच्या खोलीतल्या उन्हानं मधल्या चार फ्लॉप्या गेल्या होत्या. जुना लोडर असता तर सहावीला खेकसला असता आणि सगळं पुसून मोकळा झाला असता. पण मधल्या आमच्याकडे जमलेल्याच होत्या. हवी होती ती पहिली. सत्यशीलानं ती रतनबाईंच्याच हातानं ड्राइव्हमध्ये घालायला लावली. "मी नगं, बाई," त्या मागं सरत होत्या. "तुम्हीच," सत्यशीला म्हणाली, आणि त्यांचा हात धरला.

मुकादमानं पहिली फ्लॉपी घेतली. कुरकुर न करता पूर्ण घेतली. दोन्ही काट्यांवर पावती छापून पाहिली तेव्हा ऊन अजून होतं. सहादेवराव रतनबाईंना म्हणाले, "तुमी लई मोठं काम केलं." त्या म्हणाल्या, "मी कुटं काय केलं? मी तर काय केलंच न्हाई." आणि आम्ही सगळे इतके हसलो, की शेवटी त्याही हसल्या.

दुसऱ्या दिवशी मोळी पडली. अमृत साहेब तुळजापूरहून थेट आले, कपाळावर हळद, हातात प्रसाद. पहिली गाडी काट्यावर चढली, पावती बाहेर आली, दुसरी आली. साहेबांनी एक पावती उलटसुलट करून पाहिली. घडलेलं सगळं मी त्यांना आदल्या दिवसाच्या रागासकट सांगितलं. ते सत्यशीलाला एवढंच म्हणाले, "पुढच्या आठवड्यापासून सगळ्या कारखान्यांना हाच लोडर द्यायचा. आणि तू पर्मनंट. आता जेवून घे."

ती जेवली नाही. कारखान्याच्या गेटसमोर एसटीडी बूथ होता, तिकडे पळाली. मीही मागोमाग, धापा टाकत. खर्ड्यात वेशीजवळच्या किराणा दुकानात फोन होता आणि दुकानाच्या समोरच ट्रक उभा राहायचा. दुकानदारानं हाका मारल्या. आम्ही थांबलो. फोनमधून ट्रकाचं इंजिन सुरू असलेलं ऐकू येत होतं, बायकांचा गलका, कुणाचं तरी पोर रडत होतं. सत्यशीलानं माझा दंड इतका आवळला होता की वळ उठले.

मग आक्काबाई फोनवर आल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी फोन हातात धरला होता. त्या इतक्या मोठ्यानं बोलल्या की बूथबाहेर उभा असलेला माणूसही वळून बघायला लागला.

"जयभीम! कोन बोलतंय?"

"आये, मी शीला. झालं गं. पर्मनंट झाले. तू ट्रकातून उतर."

"उतरले म्हनून तर फोनवर आले ना, येडे."

"तसं नाही गं आये. जाऊ नको. कायमची उतर. दादांना पण उतरव."

पलीकडे नुसतं इंजिन धडधडत होतं. सत्यशीला 'आये, आये' करत राहिली. मग तोच आवाज आला, पण आता अगदी हळू, मला जेमतेम ऐकू आला.

"मंग भांडी बी उतरवू?"

"सगळी," सत्यशीला म्हणाली आणि रडायला लागली. "सगळी उतरव, आये."

मीही रडले. बूथवाल्यानं मीटर बघायचं सोडून आमच्याकडे बघितलं. फोन कुणी ठेवला नव्हता. आक्काबाईंनी रिसीव्हर तसाच दुकानाच्या फळीवर सोडून दिला असावा, कारण त्यांचा आवाज आता लांबून येत होता, पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत. "आवं, आयकलं का? हंडा काढा खाली. न्हाई, न्हाई, तो आमचा हाय, त्याच्या खालचा बी आमचाच. समद्यात आधी ते पोराचं दप्तर काढा."