चक्क्याखालचं पाणी

सदाशिव पेठेतल्या दुग्धालयात शालन अठरा वर्षं चक्का बांधत होती. संध्याकाळी दही फडक्यात बांधून टांगायचं, सकाळी घट्ट गोळा उतरवायचा आणि खालच्या घमेल्यात टपकलेलं हिरवट पाणी मोरीत ओतून द्यायचं.

धाकटी जाऊ पूर्णिमा हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत होती. दोन बाळंतपणं होऊनही उसाच्या कांड्यासारखी सरळ. शालनचे गुडघे मात्र उभं राहिलं की कुरकुरत. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दसऱ्यापर्यंत पाच किलो वजन उतरवा, नाहीतर उभ्याचं काम सोडा." काम सोडायचं म्हणजे घरी बसून पूर्णिमाचा डबा भरायचा. शालनला झोंबायचं ते तिथं.

पूर्णिमा रोज कसल्याशा डब्यातली भुकटी पाण्यात ढवळून प्यायची. एकदा शालनने दिराला, आनंदला, विचारलं, "काय असतं रे त्यात?"

त्याने डब्यावरचं वाचलं. "दूध फाडल्यावर पाणी सुटतं ना, वहिनी, त्यातलं प्रोटीन."

शालनला दुकानातलं घमेलं आठवलं. जे पिऊन ही बया सडसडीत झाली, ते आपण अठरा वर्षं मोरीला पाजलं!

दुसऱ्या दिवसापासून तिने घमेल्यातलं पाणी तांब्याने प्यायला सुरुवात केली. आंबट घोट उतरला की तिला वाटे, पूर्णिमाची कंबर आपण घोटाघोटाने काढून घेतोय. घरी मात्र दोन भाकरी, आमटी, वर भात होताच.

दसऱ्याच्या आठवड्यात ती दुकानातल्या काट्यावर उभी राहिली. दीड किलो वाढलं होतं.

मालक बाळासाहेब म्हणाले, "शालनबाई, काटा चक्क्यासाठी आहे. त्याचा अंत पाहू नका."

रात्री तिने मान खाली घालून पूर्णिमाला सगळं सांगितलं. पूर्णिमा हसली नाही, हे तिला जास्तच लागलं.

"ताई, मी ते जेवणावर नाही घेत, रात्रीच्या भाताऐवजी घेते. प्रोटीनने पोट भरल्यासारखं राहतं, म्हणून कमी खाल्लं जातं. आणि उकळलेल्या दुधाचं दही लावलं की प्रोटीन बहुतेक चक्क्यातच राहतं. खाली फार थोडं उतरतं."

"म्हणजे चांगलं ते गिऱ्हाइकांना, पाणी मला."

"मग चक्काच साखर न घालता वाटीभर खा. भात सोडून."

शालनने भाताचं पातेलं पलीकडे सारलं. वाटीत बिनसाखरेचा चक्का घेतला, तो पूर्णिमाच्या भुकटीच्या पेल्याशेजारी ठेवला आणि कुणाचं कमी आहे ते नीट निरखून त्यातला एक चमचा परत काढून ठेवला.