डाव्या हाताच्या बांगड्या

तलवाड्यात माझ्याइतक्या हलक्या हाताने बांगड्या भरणारा दुसरा कासार नाही, असं मी येणाऱ्या प्रत्येक बाईला ऐकवत असे. गावात दुसरा कासारच नव्हता, हे मात्र सांगत नसे. तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. माल जालन्याहून बैलगाडीने येई. तो फुटला तर दोष घालणारीच्या हाताचा, अशी माझी ठाम समजूत होती. मालाला कुणी नावं ठेवली की मला दोन दिवस जेवण जात नसे.

गावातल्या एका आंधळ्या सुनेने या समजुतीची कसोटीच पाहिली. लग्नानंतर देवीच्या साथीत तिचे डोळे गेले होते. दर पंधरा-वीस दिवसांनी ती भिंतीला हात लावत माझ्या ओट्यावर यायची आणि मनगट पुढे करून म्हणायची, "परत वाढवल्या, दादा." सवाष्ण बाई बांगडी फुटली असं तोंडाने म्हणत नाही, वाढवली म्हणते. मी नव्या भरायचो आणि सोबत उपदेशही द्यायचो, की बाई, हळू चालत जा, सारखी धडकतेस. ती पदर सावरून निघून जायची. मला वाटायचं, उपदेश पटला.

माझं तोंड तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण मालाची अब्रू राखायची होती ना! येईल त्या बाईला मी सांगायचो, माझा माल चांगला आहे, ती आंधळीच दारा-खांबांना धडकत असते. वर तिच्या चाचपडण्याची नक्कलही करून दाखवायचो. बायका हसायच्या. दोन वर्षं मी ही नक्कल केली आणि स्वतःला मोठा गमत्या समजत राहिलो.

एकदा नवा माल आला म्हणून बायकोने सगळ्या बांगड्या अंगणात मांडून ठेवल्या होत्या. तेवढ्यात ती आंधळी बाई आत आली. मी ओट्यावरून ओरडलो, "थांब, पाऊल टाकू नकोस!" आणि तिला आवरायला धावलो. ती जागच्या जागी थांबली. मग खाली बसली, हाताने चाचपून एकेक बांगडी बाजूला सारत वाट केली आणि माझ्या बायकोजवळ जाऊन बसली. एकही फुटली नाही. फुटल्या त्या माझ्या पायाखाली, डझनभर तरी असतील. दोन्ही डोळे धड असलेला मी काचांच्या मधोमध उभा होतो.

बायकोने तिचं मनगट हातात घेतलं. ते सुजलेलं होतं. बायको मला म्हणाली, "अवं, ही उजव्या हातानं चाचपती. मग दर येळेला डाव्याच बांगड्या कावून फुटत्यात?"

दोन वर्षं तो हात मी माझ्या हातात धरत होतो. दर वेळी डावाच.

मग ती बाईच बोलली. "मालक हात पिरगाळतो, दादा. म्या कुणाला सांगितलं की लोक म्हंत्यात, कासार म्हणला तू धडकती. तुमच्यामुळं मला कुणी इचारीत न्हाई."

मला लाज वाटली. अजूनही वाटते.

तिला चकलांब्याला आपल्या विधवा आईकडे राहायचं होतं. दुसऱ्या दिवशी माझी बायको तिला घेऊन चावडीवर गेली. मी मागून गेलो, कारण पुढे व्हायची छाती नव्हती. पाटलाने तिच्या नवऱ्याला बोलावून घेतलं. तो म्हणाला, "आंधळी हाय, धडकती. माझ्या नजरंखालीच ऱ्हायला पायजे. कासारालाच इचारा."

पाटील माझ्याकडे वळला. "तूच म्हणालतास ना बे? सगळ्या गावानं ऐकलंय."

मी उभा राहिलो आणि सवयीने सुरुवात केली, की पाटील, माझा माल जालन्याचा, लई टणक... बायको मागून खाकरली. मग मात्र खरं सांगितलं. मी एकदाही तिला धडकताना पाहिलं नाही. डावा हात पाहिला, सूज पाहिली आणि तरी नक्कल केली. अंगणात ती बांगड्यांमधून नीट गेली आणि फोडल्या त्या मी, हेही सांगितलं. पाय कसा टाकला, काचा कशा करकरल्या, सगळं. चावडी हसून हसून लोटपोट झाली. पहिल्यांदाच लोक माझ्या गमतीला नव्हे, मला हसत होते.

हसू ओसरल्यावर पाटलाने तिलाच विचारलं. तिने सगळं सांगितलं, तेव्हा कुणी हसलं नाही. मग पाटलाने नवऱ्याकडून हमीचा मुचलका लिहून घेतला, की चकलांब्याला तिच्या दारात पाऊल टाकणार नाही आणि दर सुगीला तिच्या वाट्याची ज्वारी पोचवील.

गावाने मला 'आंधळा कासार' हे नाव दिलं आणि ते माझ्या म्हातारपणापर्यंत टिकलं. तक्रार करायला मला तोंड नव्हतं.

जायच्या दिवशी बायकोने मला बाजूला सारून स्वतःच तिला हिरवा चुडा भरला. त्यानंतर दर सुगीला बायको चकलांब्याला जाऊन ज्वारी पोचली का ते बघून यायची आणि मी दर वेळी सोबत नव्या बांगड्या द्यायचो. दर वेळी त्या तशाच परत यायच्या. चौथ्या वर्षी मी विचारलं, "अगं, तिला आवडत न्हाईत का?"

"जायच्या दिशी म्या भरलेल्याच अजून हातात हायत, एकबी वाढली न्हाई," बायको म्हणाली.

माल तोच होता, जालन्याचा.